बँकेचा व्हॅल्युअर, बिल्डरचा दर आणि आपली बाजू

नव्या इमारतीत घर घेताना बँक करते ते मूल्यांकन आणि बिल्डरशी होणारी घासाघीस, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मी स्वतः अनेक वर्षे बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युअर म्हणून काम केले असल्यामुळे काही ठिकाणी माझ्याच व्यवसायाविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागले आहे.

प्रश्न : आम्ही रावेत येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट ठरवला आहे. चटई क्षेत्र ७२० चौरस फूट आणि करारनाम्याची किंमत ८४ लाख रुपये आहे. दोन लाख रुपये भरून वाटपपत्र घेतले आहे, करारनामा अद्याप नोंदवलेला नाही. बँकेच्या व्हॅल्युअरने मात्र फ्लॅटची किंमत ७८ लाखच धरली. बिल्डरने आम्हांला सहा लाखांना फसवले असा याचा अर्थ होतो का? हा अहवाल दाखवून किंमत सहा लाखांनी कमी करून मागावी का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : फसवले असे लगेच म्हणता येणार नाही, आणि सरसकट सहा लाख मागितलेत तर बिल्डरचा विक्री व्यवस्थापक हसून विषय बदलेल. व्हॅल्युअरची फी बहुधा तुमच्याच खिशातून जाते, पण तो काम बँकेसाठी करतो. उद्या हप्ते थकले आणि हे घर विकण्याची वेळ आली, तर बाजारात त्याचे किती येतील, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. घर तुम्हांला महाग पडले की स्वस्त, हे सांगण्यासाठी तो अहवाल लिहीतच नाही.

तुम्ही पत्रासोबत बिल्डरचे दरपत्रक आणि बँकेने दाखवलेले आकडे जोडलेत हे फार चांगले केलेत, कारण खरे उत्तर त्या दोन कागदांच्या मधल्या फरकात आहे. बिल्डरने मूळ किंमत ७६ लाख, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीची जादा रक्कम) १ लाख ३० हजार, पायाभूत सुविधा शुल्क २ लाख २० हजार, क्लब हाऊस १ लाख ५० हजार आणि पार्किंग ३ लाख, असे मिळून ८४ लाख लावले आहेत. व्हॅल्युअरने १०,५०० रुपये दराने ७२० चौरस फुटांचे ७५ लाख ६० हजार धरले, पार्किंगचे २ लाख ४० हजार मिळवले आणि तिथेच बेरीज थांबवली. म्हणजे घराच्या मूळ किमतीत दोघांमध्ये फरक आहे तो केवळ ४० हजारांचा. पार्किंगमध्ये ६० हजारांचा फरक आहे. दहाव्या मजल्याचा फ्लोअर राइज व्हॅल्युअरने मानलेला नाही, आणि पायाभूत सुविधा व क्लब हाऊस या दोन रकमांकडे त्याने पाहिलेलेही नाही, कारण घर पुन्हा विकताना त्यांचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

त्यामुळे तुम्ही दरावर वाद घालू नका. दर व्हॅल्युअरनेच जवळजवळ मान्य केलेला आहे. वाद त्या ३ लाख ७० हजारांवर घाला. पायाभूत सुविधा म्हणजे नेमके काय, ते शुल्क महापालिकेला भरले जाते की बिल्डरकडेच राहते, क्लब हाऊस केव्हा तयार होणार आणि ते महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या माहितीत दाखवलेले आहे का, हे लेखी विचारा. माझ्या अनुभवात या दोन ओळींवर बिल्डर जेवढा लवकर नमतो, तेवढा प्रति चौरस फूट दरावर कधीच नमत नाही. शिवाय ही रक्कम करारनाम्याच्या किमतीतूनच वगळायला लावा. पुण्यात त्या किमतीवर तुम्हांला ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के मुद्रांक शुल्क भरायचे आहे, म्हणून ३ लाख ७० हजार वगळले गेले तर त्यावरचे आणखी ४४,४०० रुपये आपोआप वाचतात. घराच्या खरेदीदार तुम्ही एकट्याच असाल, तर महिला खरेदीदारांना मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलतही तपासून पाहा. नवऱ्याचे नाव जोडले की ती जाते, आणि हे अनेकांना नोंदणी कार्यालयात उभे राहिल्यावरच कळते.

आता कर्जाकडे वळू. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. करारनाम्याची किंमत आणि मूल्यांकन यांत जी रक्कम कमी असेल ती बँका आधाराला घेतात. ८४ लाखांवर तुम्ही ६७ लाख २० हजारांचे कर्ज गृहीत धरले होते, ७८ लाखांवर ते ६२ लाख ४० हजार झाले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या हिशेबात धरली जात नाही, ती पदरचीच. म्हणजे चार लाख ऐंशी हजार रुपये अचानक स्वतःचे उभे करावे लागणार. घासाघीस फसली तरी हे पैसे कुठून येणार, ते आधी ठरवा.

अहवालात चूक असण्याची शक्यताही आहे. बाल्कनी चटई क्षेत्रात धरली जात नाही, पण तिचे वेगळे मूल्य धरता येते आणि पुष्कळदा घाईत ते राहून जाते. शाखा व्यवस्थापकांना लेखी पत्र देऊन दुसऱ्या व्हॅल्युअरकडून तपासणी मागता येते. मात्र त्याआधी करारनामा नोंदवू नका. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, तुमचे तर दोनच लाख गेले आहेत. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केले तर काहीही कापले जात नाही, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का आणि पुढे २ टक्के कापले जातात. तुमच्या वाटपपत्रावरची तारीख आजच पाहा. ८४ लाखांचे २ टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार होतात आणि तुमच्या दोन लाखांपैकी हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत अकरा फ्लॅट शिल्लक आहेत. आम्हांला आवडलेल्या ६१२ चौरस फुटांच्या फ्लॅटचे ४२ लाख सांगितले. बिल्डर म्हणतो, दर एक रुपयाने कमी होणार नाही, पण जीएसटी माफ करतो, मॉड्युलर किचन करून देतो. चार लाख रोख दिल्यास कागदावर किंमत कमी दाखवण्याचीही त्याची तयारी आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जीएसटीची माफी तर घेऊच नका, कारण ती द्यायला त्याच्याकडे काही नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागतच नाही. जे मुळात देणेच नाही ते माफ करून उपकार दाखवण्याची ही रीत इतकी रुळली आहे की काही विक्री प्रतिनिधींनाही ती खरी वाटते.

दर कमी न करण्यामागे मात्र त्याचे खरे कारण आहे. त्याने एक फ्लॅट जाहीरपणे खालच्या दराने विकला, तर आधी घेतलेल्यांचे फोन येतात, आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकाच्या बँकेचा व्हॅल्युअर तोच खालचा दर धरतो. म्हणून बिल्डर वस्तू देतो, दर देत नाही. पण त्याने हे खरोखरच पाळले आहे का, हे तपासण्याची सोय आपल्या राज्यात आहे आणि ती वापरणारे फार थोडे असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गावाचे नाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि वर्ष टाकल्यावर त्या मिळकतीच्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. तिच्यात दुसऱ्या ओळीत 'मोबदला' म्हणजे प्रत्यक्ष करारातील किंमत, तिसऱ्या ओळीत 'बाजारभाव' म्हणजे सरकारी दराने आलेली किंमत आणि पुढे क्षेत्रफळ लिहिलेले असते. तुमच्याच इमारतीतील गेल्या सहा महिन्यांचे चार-पाच दस्त काढा. समजा ५६.८६ चौरस मीटरच्या, म्हणजे तुमच्याएवढ्याच फ्लॅटचा मोबदला ३८ लाख ६० हजार निघाला, तर दर ६,३०७ रुपये झाला आणि तुम्हांला सांगितलेला दर ६,८६३ आहे. क्षेत्रफळ चटई आहे की बांधीव, बाल्कनी त्यात आहे का, एवढे मात्र ताडून पाहा, नाहीतर चुकीचा आकडा घेऊन बसाल आणि समोरचा माणूस तो एका वाक्यात खोडून काढेल. खरा आकडा असेल तर कागद टेबलावर ठेवा आणि गप्प बसा.

तुमच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली पण न विकलेली घरे बिल्डरला व्याजात खातात आणि त्या बंद घरांचा देखभाल खर्चही त्याच्याच अंगावर पडतो. अकरा फ्लॅट म्हणजे थोडे नव्हेत. मार्चअखेरीस किंवा तिमाही संपताना त्याचा सूर बदललेला तुम्हांला दिसेल.

मॉड्युलर किचनविषयी माझी स्वतःचीच फजिती सांगतो. मी पहिला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने दर सोडला नाही, त्याऐवजी ग्रॅनाइटचा ओटा आणि बाथरूममध्ये गिझर देण्याचे कबूल केले. इंजिनिअर असूनही मी ते कुठे लिहून घेतले नाही. ताबा घ्यायला गेलो तर ओटा कडाप्प्याचा होता आणि गिझरच्या जागी भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ होते. 'गिझर पॉइंट' म्हणालो होतो, असे त्याचे म्हणणे पडले. वस्तूच घ्यायची असेल तर तिचा प्रकार, कंपनी आणि माप करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. पण शक्य तोवर वस्तू नकोच म्हणा. तो ज्या किचनची किंमत अडीच लाख सांगतो, तेच गावातला सुतार त्याच्या निम्म्या-पाऊण पैशांत करून देतो, आणि बँकेचा व्हॅल्युअर त्याची किंमत सहसा धरत नाही.

रोख रकमेला स्पष्ट नकार द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब तुमच्याच विरुद्ध जातो. कागदावर ३८ लाख दिसले की कर्ज ३८ लाखांवर ठरते, उद्या घर विकताना खरेदी किंमत ३८ लाखच धरली जाते आणि भांडवली नफ्याचा कर तुम्ही भरता. ताब्यात उशीर किंवा बांधकामात दोष निघून परतावा मागायची वेळ आली, तर ते चार लाख तुम्ही दिलेच नव्हते असे होते.

आणखी एक सुचवतो. घर तयार आहे, तर बँकेचा व्हॅल्युअर माप घ्यायला येईल त्या दिवशी तुम्ही तिथे हजर राहा. लेझरचे ते छोटे यंत्र भिंतीला टेकवून तो प्रत्येक खोलीचे माप वहीत टिपतो, ते तुम्हीही टिपून घ्या. अशाच एका तपासणीत मला ६१२ ऐवजी ५९८ चौरस फूट मिळाले होते. नमुना करारनाम्यानुसार अंतिम चटई क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, पण क्षेत्र कमी भरले तर तेवढ्या भागाचे पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. तुमच्या दराने १४ चौरस फुटांचे ९६ हजार होतात. घासाघीस करून एवढे सुटतील की नाही सांगता येत नाही, फुटपट्टीने मात्र सुटतात.

प्रश्न : डोंबिवलीत नव्या फ्लॅटचा सौदा ५४ लाखांत ठरत आहे. रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत ६२ लाख येते. सरकारी किमतीपेक्षा आठ लाखांनी स्वस्त घर मिळाले, असे समजावे का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : समजायला हरकत नाही, पण सरकारही तसेच समजेल. मुद्रांक शुल्क ६२ लाखांवर लागेल, कारण मोबदला आणि सरकारी मूल्य यांतील जास्त रक्कम त्यासाठी धरतात. बिल्डरला पैसे देताना कापायचा १ टक्का आयकरही ६२ लाखांच्याच हिशेबाने कापावा लागेल. आणि सरकारी मूल्य मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानला जातो. तुमच्याबाबत १० टक्के म्हणजे ५ लाख ४० हजार होतात आणि फरक आठ लाखांचा आहे, म्हणून पूर्ण आठ लाख तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह २ लाख ४९ हजार ६०० रुपये कर बसेल.

त्यावर काही सल्लागार बिल्डरलाच थोडे जास्त देण्याचे सुचवतात. किंमत ५६ लाख ४० हजार केली तर फरक १० टक्क्यांच्या आत येतो आणि हा कर टळतो, हे खरे. पण त्यासाठी २ लाख ४० हजार जास्तीचे बिल्डरला द्यायचे आणि साडेनऊ हजार वाचवायचे, यात शहाणपण नाही. शिवाय कर भरलेले ते आठ लाख पुढे घर विकताना तुमच्या खरेदी किमतीत धरले जातात. त्यापेक्षा सरकारी मूल्यच जास्त लागले आहे का, ते पाहा. मूल्यविभाग चुकीचा धरला जाणे किंवा इमारतीपर्यंत नीट रस्ता नसणे, अशी कारणे असतील तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य मुद्रांक शुल्क ठरवून घेण्यासाठी, दस्त सादर करता येतो. नोंदणीच्या आधी हे केलेले बरे.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. नव्या वसाहतीत ५,४०,००० डॉलरचे घर १० टक्के भरून घेत आहोत. बँकेचे अप्रेझल, म्हणजे मूल्यांकन, ५,२२,००० आले. बिल्डर किंमत कमी करायला तयार नाही, मात्र त्याच्याच कर्ज कंपनीकडून कर्ज घेतल्यास १५,००० डॉलरची सवलत देतो. मधले १८,००० आम्हीच भरायचे का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : माझ्या मुलीने तिकडे घर घेतले तेव्हा तिच्यासोबत या कागदांत बरेच डोके घालावे लागले होते, त्या आधारावर लिहितो. अंतिम निर्णय तिथल्या वकिलाला विचारूनच करा.

आधी करार काढून वाचा. जुन्या घरांच्या व्यवहारात अप्रेझल कमी आले तर बाहेर पडण्याची सोय अनेकदा असते. मोठे बिल्डर मात्र स्वतःचा छापील करार वापरतात आणि त्यात ती पुष्कळदा नसते. तुमचे कर्ज सरकारी पाठबळ असलेल्या एफएचए किंवा व्हीए प्रकारचे असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्या कर्जांत असे संरक्षण देणारे कलम करारात असावेच लागते. साध्या कर्जात ते नसेल आणि तुम्ही मागे फिरलात, तर भरलेली अनामत जाऊ शकते.

१० टक्के भरण्याची अट कमी किमतीवर धरली तर कर्ज ४,६९,८०० मिळेल आणि ५४,००० ऐवजी ७०,२०० डॉलर स्वतःचे घालावे लागतील. तुमच्यावर पडणारा खरा बोजा १६,२०० चा आहे, १८,००० चा नाही.

अप्रेझलची प्रत मागून घ्या. सामान्यतः व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी ती तुम्हांला मिळायलाच हवी. तिच्यात तुलनेसाठी कोणती घरे घेतली आहेत ते पाहा. टेक्सासमध्ये विक्रीच्या किमती सरकारदप्तरी जाहीर होत नाहीत. आपल्याकडे सूची क्रमांक दोन कोणालाही पाहता येते, तिकडे तशी सोय नाही. बिल्डरने थेट विकलेली घरे दलालांच्या यादीतही नसतात, त्यामुळे अप्रेझरला त्याच वसाहतीतील ताजे व्यवहार कळलेच नाहीत असे होऊ शकते. ते कागद बिल्डरकडे आहेत. किंमत योग्य असल्याचे त्याला सिद्ध करायचे असेल तर त्यानेच पूर्ण झालेल्या तीन-चार विक्रींची माहिती द्यावी आणि तुम्ही ती बँकेकडे फेरविचारासाठी पाठवावी. डिझाइन सेंटरमध्ये निवडलेल्या फरशा आणि कपाटांचे पूर्ण पैसे मात्र अप्रेझलमध्ये उतरतील अशी आशा धरू नका.

फेरविचारात काही बदलले नाही, तर ते १५,००० किमतीतूनच कमी करून मागा. बिल्डर बहुधा नाही म्हणेल, आणि त्याचे कारण नाशिकच्या बिल्डरचेच आहे. मग ती सवलत कर्जखर्च आणि व्याजदर कमी करण्याकडे वळवा, म्हणजे तुमची रोकड किमतीतला खड्डा भरायला मोकळी राहील. साध्या कर्जात १० टक्के भरणाऱ्याला विक्रेत्याकडून ६ टक्क्यांपर्यंत मदत घेता येते, तुम्ही त्या मर्यादेत आहात. फक्त त्याच्या कर्ज कंपनीचा व्याजदर बाहेरच्या दोन बँकांशी ताडून पाहा. ती कंपनी वापरण्याची सक्ती तो करू शकत नाही, आणि १५,००० ची सवलत पाव टक्का जादा व्याजातून परत गेली तर तिचा काय उपयोग?

प्रश्न : पनवेलला बिल्डर उघड्या पार्किंगचे दीड लाख मागतो आणि 'यावर घासाघीस नाही' असे म्हणतो. द्यावे का?
— एक वाचिका, पनवेल

उत्तर : देऊ नये. उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे आणि रेरा कायद्यातही ती सामाईक क्षेत्रात मोडते. व्हॅल्युअरही त्या दीड लाखांतला एक रुपया धरणार नाही. छताखालचे, झाकलेले पार्किंग विकत घेत असाल तर त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारनाम्यासोबतच्या परिशिष्टात लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी आपली गाडी एकदा तिथे उभी करून तिचे दार उघडते का ते पाहा.